लुबंटू की झुबंटू?

"काल लुबंटू म्हणालस, आज झुबंटू म्हणतस. नक्की काय ता सांग मेल्या," काकूंनी चष्मा कपाळावर चढवत मला विचारलं. देवगडच्या त्यांच्या पडवीत २०११ सालचा लॅपटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, बॅटरी केव्हाच गेलेली, खाऱ्या हवेने एक यूएसबी पोर्ट गंजलेलं. हंगामात त्यावर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब चालतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही. म्हणून लिनक्स, विंडोजच्या जागी घालता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम.

काकूंचा गोंधळ रास्तच होता. दोन्ही उबंटूच, म्हणजे त्या नावाच्या लिनक्सचे दोन अवतार. कर्नल (सिस्टीमचा गाभा) तोच, सॉफ्टवेअरचं भांडार तेच, फायरफॉक्स तोच. जोतं एकच; एकावर कौलं, दुसऱ्यावर पत्रे. हे छप्पर म्हणजे डेस्कटॉप, पडद्यावर दिसणारी पट्टी, मेनू, खिडक्या. झुबंटूवरचं एक्सएफसीई, लुबंटूवरचं एलएक्सक्यूटी. एप्रिलमध्ये, एक वर्षाआड येणारी एलटीएस (दीर्घ मुदतीची) आवृत्ती घेतली तर दोन्हींना ३ वर्षं अपडेट मिळतात; मूळ उबंटूची ५ वर्षं इथे धरू नयेत. अपडेट चालू असताना लाईट गेली (पावसाळ्यात जाणारच, आणि बॅटरी नाही) तर अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) लिहायची ओळही दोन्हीकडे अक्षरशः एकच.

मग हलकं कुठलं? लुबंटू, पण ऐकीव आहे तेवढं नाही. '५१२ एमबीत पळतं' ही ख्याती जुन्या एलएक्सडीई डेस्कटॉपची. ऑक्टोबर २०१८ च्या १८.१० या आवृत्तीपासून तो गेला, एलएक्सक्यूटी आला. त्याच वर्षी लुबंटूच्या मंडळींनी जाहीर केलं की जुनी यंत्रं हे आता आपलं मुख्य लक्ष्य नाही, आणि किमान रॅमचा आकडा देणंही बंद केलं. आज नुसता डेस्कटॉप उघडून ठेवला तर दोघांतला फरक साधारण शे-दोनशे एमबीचा. यूट्यूबचा एक टॅब उघडला की तो तिथेच बुडतो. रॅम २ जीबी असेल तर ते शे-दोनशे मोलाचे, तिथे डोळे मिटून लुबंटू घाला. ४ जीबी असेल तर त्यावर वाद घालण्यापेक्षा हार्डडिस्क काढून साधी एसएसडी बसवा. खरा फरक तिथे पडतो.

३२-बिट प्रोसेसर असेल तर दोन्ही विसरा, १९.०४ या आवृत्तीपासून ही दारं बंद आहेत.

राहिली हाताची सवय. लुबंटूत पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, म्हणजे विंडोज ७ वर हात बसलेल्याला काही शोधावं लागत नाही. झुबंटूत पट्टी वर असते. ती खाली ओढता येते, पण ओढायची कोणी? इथपर्यंत माझं मत लुबंटूच्या बाजूने झुकलं होतं.

दोन्ही पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, काकूंना चालवून दाखवली. वायफाय सापडेना, तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. तेही दोन्हीकडे चाललं. मग हिशेबाची फाईल उघडली आणि काकू पडद्याला नाक लावून बसल्या. झुबंटूत आल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की अख्खा पडदा मोठा होतो, बाण नेऊ तिथे सरकतो. ही एक्सएफसीईची जुनी सोय. लुबंटूत अशी आयती सोय सापडली नाही. अक्षरं मोठी करता येतात, पण मग खिडक्या पडद्याबाहेर सांडतात.

काकूंनी चाक दोनदा पुढे-मागे फिरवलं. "ह्यो तीन हा? मी आठ समाजलंय." मागच्या हंगामातल्या एका गिऱ्हाइकाचा हिशेब पाच पेट्यांनी चुकला होता तो तिथेच. झुबंटू इन्स्टॉल करायला घेतलं तेव्हा त्या गिऱ्हाइकाला फोन लावत होत्या.