शतायुषी बल्ब आणि तेरावा घात

कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ पासून लटकणारा एक बल्ब अजून उजळतो आहे, आणि त्याचे छायाचित्र अधूनमधून समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. सोबतचा मजकूर ठरलेलाच असतो: पूर्वीच्या वस्तू टिकत, आता कंपन्या त्या मुद्दाम लवकर बिघडतील अशा बनवतात. बल्बच्या बाबतीत या तक्रारीत तथ्य आहे, त्याकडे नंतर वळू. परंतु पुरावा म्हणून हाच बल्ब पुढे करणे चुकीचे आहे. तो ज्या कारणाने टिकला त्या कारणाने कोणताही बल्ब टिकवता येईल, फक्त त्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येणार नाही.

बल्ब ‘उडतो’ तेव्हा त्यातील तंतू तुटलेला असतो. साध्या बल्बमधील तंतू टंगस्टन या धातूचा असतो. टंगस्टनचा वितळबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे आणि तंतू सुमारे २,५०० अंशांपर्यंत तापतो. तो वितळत नसला, तरी त्याच्या पृष्ठभागावरील अणू सतत सुटून जात असतात; जुन्या बल्बच्या काचेला आतून जो काळपटपणा येतो, तो याच अणूंचा. ही झीज सर्वत्र सारखी नसते. तंतू एखाद्या ठिकाणी किंचित बारीक असला, की तेथील रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, आणि प्रवाह संपूर्ण तंतूतून एकच असल्यामुळे ती जागा शेजारच्या भागापेक्षा अधिक तापते. अधिक तापल्यामुळे तेथून अधिक अणू उडतात, म्हणजे ती जागा आणखी बारीक होते आणि आणखी तापते. शेवटचा घाव बहुधा बटण दाबताना बसतो, कारण थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. पहिल्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो आणि सर्वांत बारीक जागा तुटते.

बाष्पीभवनाचा वेग तापमानाबरोबर विलक्षण झपाट्याने वाढतो, आणि व्होल्टेज जितके जास्त तितका तंतू अधिक तापतो. प्रयोगांवरून बसवलेल्या नियमानुसार टंगस्टनच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तर त्याचे आयुष्य व्होल्टेजच्या सुमारे तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. निसर्गात वर्ग आणि घन पदोपदी भेटतात. तेरावा घात भेटला की मला अजूनही मौज वाटते. व्होल्टेज केवळ ५ टक्क्यांनी उतरवले, तर प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी घटतो, पण आयुष्य जवळजवळ दुप्पट होते.

लिव्हरमोरचा बल्ब शेल्बी इलेक्ट्रिक कंपनीचा असून त्याचा तंतू कार्बनचा आहे. आज तो सुमारे ४ वॅट वीज घेतो आणि झीरोच्या बल्बइतका मिणमिणतो; तंतू फारसा तापत नाही, म्हणूनच तो टिकला. तो कधी बंद केला जात नाही म्हणून टिकला, हे लोकप्रिय स्पष्टीकरणही अपुरे आहे. कार्बनचा रोध तापल्यावर वाढत नाही, उलट कमी होतो, त्यामुळे सुरुवातीचा लोंढा त्याच्या वाट्याला येतच नाही. सतत चालू राहण्याचा फायदा आहे तो प्रसरण-आकुंचनाचा ताण टळण्यापुरता. त्याचे शोधक अडॉल्फ शाये यांच्याकडे एखादे गुपित होते आणि ते दडपले गेले, ही कथा रंजक आहे इतकेच. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बहुतेक बल्बांची रवानगी केव्हाच कचऱ्यात झाली, आणि त्यांची छायाचित्रे कोणी काढली नाहीत.

आता तक्रारीतील तथ्याकडे. ऑसराम, फिलिप्स आदी उत्पादकांनी १९२४ मध्ये जिनिव्हा येथे फीबस नावाचा संघ स्थापन केला, बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि त्याहून जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्यांना दंड आकारला. हे कारस्थान कागदोपत्री सिद्ध आहे आणि त्यामागे नफा होता. मात्र त्यांनी निवडलेला आकडा तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हता, कारण बल्बच्या आयुष्यभरात जळणाऱ्या विजेचा खर्च बल्बच्या किमतीहून कितीतरी अधिक असतो, आणि दीर्घायुषी बल्ब तेवढ्याच विजेत कमी प्रकाश देतो.

ज्याला शंका असेल त्याने एकाच वॅटचे दोन साधे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग एक, लावण्याचा विचार करून पाहावा. प्रत्येकाला निम्मे व्होल्टेज मिळेल आणि तेराव्या घाताच्या हिशेबाने आयुष्य आठ हजार पटींवर जाईल. नियम इतका ताणता येत नाही हे मान्य केले, तरी ते दोन्ही बल्ब फार दीर्घकाळ चालतील यात शंका नाही. पण दोघे मिळून एका बल्बच्या सुमारे दोन-तृतीयांश वीज घेतील आणि प्रकाश देतील जेमतेम एक-पंचमांश.