वार पडल्यावर रक्त थांबतं कसं?

बाळ रडलं की बाहेर पेढ्यांची धांदल उडते. 'सुटली बाई एकदाची!' लेबर रूममधल्या माणसांच्या लेखी मात्र ती अजून सुटलेली नसते. वार (प्लॅसेंटा) आतच असते आणि बाळंतिणीच्या जिवाला सर्वांत मोठा धोका पुढच्या तासाभरातच असतो.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त वाहतं. बाईच्या अंगात तेव्हा एकूण रक्त सहा लिटरच्या आसपास असतं. हिशेब तुम्हीच करा.

रक्त गोठतं आणि थांबतं, असा आपला समज. बोट कापल्यावर तसं होतं, पण तिथेही रोहिणी आधी स्वतः आकसते. वारेखालच्या शंभरेक रोहिण्यांना ते जमतच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या पाच महिन्यांत वारेच्या पेशी आईच्या या रोहिण्यांमध्ये घुसतात आणि त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात. नळ्या रुंद आणि ढिल्या पडतात, बाळाला भरपूर रक्त मिळतं. त्याची किंमत आता मोजायची असते: वार सुटली की ही सगळी तोंडं उघडी पडतात. एवढ्या धारेत गुठळी टिकणार कुठे?

ही तोंडं बंद करतो गर्भाशयाचा स्नायू. त्याच्या मधल्या थरातले धागे आडवेतिडवे गुंफलेले असतात आणि रोहिण्या त्या गुंफणीतूनच जातात. स्नायू आवळला की परकराची नाडी ओढावी तशा त्या चिमटल्या जातात. शिवाय हा स्नायू कळ ओसरल्यावर पूर्वीच्या लांबीवर येत नाही, दर कळेला थोडा आखूडच राहतो. त्यामुळे वारेखालची जागा आक्रसते. वार काही आक्रसू शकत नाही, म्हणून ती उचकटून सुटते.

हे आवळणं ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर चालतं. ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, आत आयपी-3 नावाचा रेणू तयार होतो, तो साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो, कॅल्शियम कॅलमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, त्यातून एक एन्झाइम जागं होतं आणि स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला ओढू लागतं. पण तासन्‌तास ऑक्सिटोसिनचा मारा झाला, तर पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेतात. कळांचं (ऑक्सिटोसिनचं) सलाईन खूप वेळ चाललेल्या बाईचं गर्भाशय बाळंतपणानंतर ढिलं पडण्याची भीती जास्त, ती यामुळेच. मग तेच औषध वाढवून फारसा उपयोग होत नाही. मेथर्जिनसारखं वेगळ्या वाटेनं जाणारं औषध द्यावं लागतं, अर्थात रक्तदाब वाढलेला नसेल तरच.

म्हणूनच बाळ बाहेर आल्यावर, आत दुसरं नाही याची खात्री करून, एका मिनिटात मांडीत 10 युनिट ऑक्सिटोसिन टोचतात. हे इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. फ्रिज नसेल तिथे मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडानं देतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्यांनी जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. अंगावरून गेलेलं रक्त नुसत्या नजरेनं मोजलं तर हमखास कमी भरतं. म्हणून तिथे बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून ते मोजलं होतं.

वार सुटली की रक्ताचा एक लोट येतो, नाळ लांबते, गर्भाशय गोल, कडक होऊन वर सरकतं. त्याआधी नाळ ओढली तर नाळ तुटते, क्वचित ढिलं गर्भाशयच उलटं होऊन बाहेर येतं. ओकारी येऊन वार पडावी म्हणून बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी कोंबण्याचा प्रकार तर निव्वळ छळ. पहिला चीक पिळून टाकणारेही बाळाचं नुकसान करतात. वर बाळ ओढू लागलं की सुटणारं ऑक्सिटोसिनही वाया घालवतात. मात्र 'नैसर्गिक' म्हणून नुसत्या पाजण्यावर विसंबून इंजेक्शन टाळू नये.

पडलेली वार ताटात पसरून पाहतात. आईकडच्या बाजूला 15 ते 20 खंड असतात. एखादा कमी असला तर तो आत आहे आणि तेवढ्या जागी स्नायू आवळणार नाही. अर्ध्या तासात वार पडलीच नाही, तर भूल देऊन हातानं काढावी लागते.

पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात लावून पाहायचं. गर्भाशयाचा गोळा कडक लागला तर ठीक. मऊ लागला तर लगेच चोळायचा आणि बाळंतिणीला लघवी झाली आहे का ते विचारायचं, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला नीट आवळू देत नाही.