टिटवी, माठ आणि आतून ओला झालेला तंबू

एप्रिल-मे महिन्यांत पवना धरणाच्या काठी मुक्काम करून आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: तंबू गळत होता. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, तरी पहाटे कापडाच्या आतल्या बाजूने थेंब ओघळतात आणि अंगावरची चादर दमट लागते. बोल लागतो तंबू भाड्याने देणाऱ्याला. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो; त्या पाण्यातलं बरंचसं आत झोपलेल्यांनीच सोडलेलं असतं.

झोपेतही माणसाच्या श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण 30 ते 40 मिलिलीटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. दोघंजण 8 तास झोपले तर अर्धा लीटर सहज होतं. त्यात दाराशी शेगडी पेटवून चहा केला असेल तर आणखी भर, कारण गॅस जळतानाही पाणी तयार होतं. 100 ग्रॅम गॅस जळला की दीडशे ग्रॅमहून थोडी जास्त वाफ निघते. आता तंबूचं कापड बघा. निरभ्र रात्री ते आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतं. आतली दमट हवा या गार कापडाला टेकली की वाफेचं पुन्हा पाणी होतं. बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच हा प्रकार.

म्हणून थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन घट्ट लावून झोपणं हा यातला सर्वांत वाईट उपाय. खाली एक आणि वर एक अशा दोन खिडक्या उघड्या हव्यात, म्हणजे गार हवा खालून शिरते आणि दमट हवा वरून निघून जाते. बाहेरचं आच्छादन आतल्या कापडाला कुठेही चिकटता कामा नये. दोहोंत चार बोटं अंतर राहील इतकं ते ताणून बांधावं. ओले कपडे आणि टॉवेल बाहेर. आणि निखाऱ्यांची शेगडी रात्री तंबूत घेऊ नये, ती दमटपणापेक्षा फार मोठ्या कारणासाठी: धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही.

जागा निवडतानाही हेच गणित. माती लवकर तापते, लवकर निवते. पाण्याला दोन्हींना वेळ लागतो. तेवढंच वजन तेवढंच तापवायला पाण्याला कोरड्या मातीच्या चार-पाच पट उष्णता लागते. सूर्य मावळला की तुंग, तिकोना, लोहगडासारख्या डोंगरांचे उतार झपाट्याने गार होतात. त्यांच्यावरची हवा जड होऊन ओहोळासारखी खाली वाहते आणि काठावरच्या खोलगट जागांत साठते. फोटोसाठी सर्वांत छान दिसणारी, पाण्यालगतची सखल जागा रात्री सर्वांत गार आणि सर्वांत दमट असते. त्यापेक्षा पाण्यापासून 50-60 मीटर मागे, थोडा उंचवटा पाहावा. झाडाखाली दव कमी पडतं, कारण उघड्या आभाळाऐवजी कापडासमोर पानांचं छत येतं. पण उन्हाळ्यात वळवाचा भरवसा नसतो, आणि विजांच्या पावसात एकटं उंच झाड नको. झाडोऱ्यातली बुटकी झाडं बरी, तीही वाळक्या फांद्या नसलेली.

मेखांचं म्हणाल तर तंबूबरोबर मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काड्या मुरमात वाकतात. 20-25 सेंटिमीटरच्या लोखंडी मेखा घ्याव्यात आणि डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवून ठोकाव्यात. भेगाळलेल्या काळ्या मातीत मेख बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या झोतात निघते. तिथे दोर मोठ्या दगडाला बांधणं शहाणपणाचं.

धरणाचा काठ हा खरा काठ नसतो, हेही लक्षात असावं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जी जमीन उघडी पडते ती पावसाळ्यात तळ असते. तिथला गाळ वरून वाळून पापुद्रा धरतो आणि आत लोण्यासारखा मऊ राहतो. काठी दाबून पाहावी; पापुद्रा फोडून ती सहज आत गेली तर मागे फिरावं. पाण्यात उतरण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. बुडालेल्या जुन्या ताली, विहिरी, नदीचं मूळ पात्र वरून दिसत नाही, आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोलीत पडू शकतं.

याच उघड्या पडलेल्या पट्ट्यात सकाळी 6 ते साडेआठच्या दरम्यान फिरताना टिटवी भेटतेच. मार्च ते ऑगस्ट हा तिच्या विणीचा काळ. घरटं म्हणजे जमिनीतला जेमतेम खळगा, भोवती चार खडे, आणि बहुधा 4 अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. मातकट रंगावर काळसर ठिपके असल्याने ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करू लागली की घरटं जवळ आहे असं समजावं, थांबावं, आणि आल्या पावलीच मागे जावं. ती उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस जास्त होतो असं जुनी माणसं सांगतात. त्याला पुरावा नाही, पण निदान त्यानिमित्ताने लोक घरटं कुठे आहे ते बघून ठेवतात.

दुपारी उघड्या मुरमाचं तापमान पन्नाशी ओलांडतं. अंड्यातला जीव चाळीस-बेचाळीसच्या पुढे फार वेळ तग धरत नाही. म्हणजे मे महिन्यात टिटवीचं बसणं ऊब देण्यासाठी कमी आणि सावली धरण्यासाठी जास्त असतं. तेवढ्याने भागलं नाही की ती पाण्यात जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. पाणी वाफ होताना अंड्यांची उष्णता घेऊन जातं. आपण कॅमेरा रोखून अर्धा तास जवळ उभे राहिलो तर ती अंड्यांवर येत नाही. अशा वेळी अंडी न फोडताही मरतात.

पुण्यातल्या घरात हेच काम माठ करतो. 1 किलो पाण्याची वाफ व्हायला, तेच पाणी 1 अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे 580 पट उष्णता लागते. 10 लीटरच्या माठातून 100 मिलिलीटर, म्हणजे अर्धा पेला पाणी झिरपून उडालं, तर उरलेलं पाणी तत्त्वतः 6 अंशांनी उतरतं. बाहेरून उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. पाणी किती उतरणार याला हवेच्या कोरडेपणाची मर्यादा असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ही खालची पायरी 21 अंशांच्या आसपास येते. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला ती 28 अंशांवरच थांबते. मुंबईकर पाहुणे पुण्याच्या माठाचं कौतुक करतात त्यामागे कुंभाराइतकंच हवेचंही श्रेय आहे.

नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. आतून साबण लावू नये, रंगवलेला माठ घेऊ नये. दोन्हींनी छिद्रं बुजतात. ठेवायचा तो ओल्या वाळूच्या परातीत, सावलीत, पण वारा लागेल अशा ठिकाणी. ओट्याच्या कोंदट कोपऱ्यात भोवतालची हवा दमट होऊन बसते आणि काम थांबतं. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर महिन्या-दोन महिन्यांत बाहेरून पांढरी पुटं चढतात. काथ्याने घासून एक दिवस कडक ऊन दाखवलं की माठ बराचसा पूर्ववत होतो. छावणीवर माठ नेता येत नाही. तिथे पूर्वी जीपला लटकायची ती छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, उत्तम, नाहीतर स्टीलच्या बाटलीला ओला सुती पंचा गुंडाळून ती वाऱ्यात टांगावी.

कोरड्या हवेचा हा फायदा अंगावर उलटतोही. घाम येता येताच उडतो, कपडे भिजत नाहीत, आणि आपलं पाणी गेलंय हे कळत नाही. उन्हात चालताना तासाला अर्धा लीटर तरी प्यावं. चक्कर किंवा पोटऱ्यांत गोळे येऊ लागले तर सावलीत बसून 1 लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घोटाघोटाने घ्यावं. प्रमाण अंदाजाने घेऊ नये. जास्त मीठ घातकच.

गच्चीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांनी पसरट मातीचं भांडं घ्यावं, तीन-चार सेंटिमीटर खोल, मध्ये एक दगड. पाणी नुसतं बदलून पुरत नाही. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याला चिकटतात आणि वाळली तरी कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला या उन्हात आठवडा-दहा दिवस पुरतात, तेव्हा दर दोन दिवसांनी भांडं घासूनच भरावं.

आणि वळीव. ढगातून सुटलेले थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच उडू लागतात, त्या हवेला टिटवीच्या अंड्यांसारखंच गार करतात, आणि गार झालेली जड हवा धप्पकन खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाआधी अंगावर येणारा गार झोत तो हाच, आणि तंबू उडवतो तोही हाच. वारा एकाएकी पडला, काळ्या ढगाकडून गार झुळूक आली, की तुमच्याकडे काही मिनिटंच आहेत: दोर ताणा, शेगडी विझवा, पाण्यापासून दूर व्हा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. 3 सेकंदांना 1 किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठावी. तंबू हा आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबावं. तोवर पाऊस ओसरला, आभाळ मोकळं झालं, तर त्या रात्री तंबू आतून आणखीच ओला होणार आहे; खिडक्या उघड्याच ठेवा.