पुण्याच्या बागा आणि त्यांचं पाणी

सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. माझी आजी तर सारसबाग हा शब्दच वापरत नसे. "तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते," एवढंच सांगून बाहेर पडायची. पहिल्यांदा पुण्यात आलेला पाहुणा देवळाभोवतीचं थोडंसं पाणी, त्यातली कमळं बघतो आणि विचारतो, हेच का ते तळं? त्याला सांगावं लागतं, की बाबा, रविवारी सकाळी ज्या हिरवळीवर पोरं लोळतात, जिथे आजोबा मंडळी चपला काढून दवावर चालतात, तो सगळा तळ्याचा तळ आहे. आपण उभे आहोत तिथे कधीकाळी नाव चालायची.

पुण्यात फिरायला कुठे जावं, याची यादी कोणीही देईल. या बागा नेमक्या याच जागी का झाल्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. सह्याद्रीच्या पूर्व उताराला वसलेल्या या गावात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत उरकतो. पुढचे आठ महिने झाड जगवायचं तर पाणी कुठून तरी आणावं लागतं. म्हणून इथल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बागेच्या मागे एखादं तळं, नळ, बंधारा किंवा कालवा आहे. आधी पाणी आलं, मग बाग आली.

सुरुवात नानासाहेब पेशव्यांपासून करावी लागते. 1749 मध्ये त्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं. आज आपण 103 पायऱ्या चढून तिथे जातो. त्याच सुमारास दोन मोठी कामं हाती घेतली गेली. एक कात्रजचं. तिथे डोंगरपायथ्याशी धरण घालून तळं केलं आणि तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ आणला. नळ म्हणजे पाइप नव्हे, माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा तो ऐसपैस आहे. हवा खेळावी, गाळ बसावा आणि काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. पाणी निव्वळ उताराने वाहत शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचायचं. पंप नाही, रहाट नाही. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजंही याच पाण्याच्या दाबावर उडत असे. लहानग्या सवाई माधवरावासाठी ते बांधलं असं सांगतात. वाड्याच्या जोत्यांमधून फिरताना आजही त्याच्या कोरड्या पाकळ्या दिसतात, आणि मी दर वेळी तिथे जरा जास्तच रेंगाळतो.

दुसरं काम आंबिल ओढ्याचं. कात्रजकडून येणारा हा ओढा तेव्हा थेट वस्तीतून वाहायचा आणि पावसाळ्यात पेठांना त्रास द्यायचा. पर्वतीच्या पायथ्याशी त्याला बांध घालून त्याचं पात्र पश्चिमेकडे वळवलं आणि बांधामागे सुमारे 25 एकरांचं तळं झालं. तळ्याच्या मधोमध एक बेट राखलं, त्यावर बाग केली, तीच सारसबाग. 1784 मध्ये सवाई माधवरावांनी या बेटावर गणपतीची स्थापना केली. पेशवे या तळ्यात नावेत बसून मसलती करत आणि मराठी न समजणारे हबशी वल्हवायला ठेवत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, पाण्याच्या मधोमध बोललेलं भिंतींना ऐकू जात नाही, हे मात्र खरंच.

तळ्याच्या काठाला हिराबाग झाली. गावात तर बागांची रेलचेलच होती. आज तुळशीबागेत कानातली आणि स्टीलची भांडी घेताना कोणाला तुळस आठवत नाही, पण ती जागा मुळात तुळशीच्या बागेची. 1761 मध्ये तिथे राममंदिराचं काम सुरू झालं आणि देवळाभोवती हळूहळू बाजार भरला. बेलबागेत नाना फडणवीसांनी लक्ष्मीनारायणाचं देऊळ बांधलं. विश्रामबाग हे नाव वाड्याला उरलं. झाडं गेली, 'बाग' तेवढी नावात राहिली. गावाला आपली जुनी हिरवळ निदान उच्चारात तरी सांभाळावीशी वाटली, याचं मला कौतुक वाटतं.

पुढे पुण्याच्या नळांना दुसरीकडून पाणी मिळू लागलं आणि पर्वतीच्या तळ्याची गरज सरली. गरज सरलेल्या पाण्याचं आपल्याकडे जे होतं तेच झालं. तळं आटलं, बुजलं आणि त्या जमिनीवर सारसबागेचा आजचा विस्तार, सणस मैदान, पेशवे पार्क अशी एकेक जागा तयार झाली. पेशवे पार्क 1953 चं. त्याची मुळं त्याहून जुनी आहेत, कारण थोरल्या माधवराव पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी प्राणी पाळल्याचे उल्लेख आहेत. 8 एप्रिल 1956 ला इथे फुलराणी धावू लागली. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास बहुधा तिच्यातूनच केला असेल. मला तिची शिट्टी आठवते, आणि शिट्टीपाठोपाठ पिंजऱ्यांच्या बाजूने येणारा जनावरांचा उग्र वासही. ते पिंजरे फार अरुंद होते. 1999 मध्ये कात्रजला 130 एकरांत राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं, काही वर्षांत इथले प्राणी तिकडे हलवले गेले, आणि ते योग्यच झालं. नव्या संग्रहालयाच्या आवारात 42 एकरांचा कात्रजचा तलाव आहे. पर्वतीच्या पायथ्यावरून निघालेली जनावरं ओढ्याच्या कडेकडेने वर त्याच पाण्यापाशी पोचली.

ओढा मात्र आपली वाट विसरलेला नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रज ते दांडेकर पूल या पट्ट्यात आंबिल ओढ्याला जो लोंढा आला, तो पुणेकर विसरणार नाहीत. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. सोसायट्यांच्या भिंती फोडून पाणी घरात शिरलं. अडीच शतकांपूर्वी ज्यांनी हा ओढा वळवला त्यांनी त्याला पसरायला 25 एकरांची जागाही दिली होती. आपण पात्राच्या अंगावर भिंती बांधल्या. ओढ्याकाठची मोकळी जागा पुराच्या दिवशी पाणी पोटात घेते, हे त्या रात्रीनंतर पुण्यात वेगळं सांगायची गरज उरलेली नाही.

1817 मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली आणि पुण्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. कॅम्प वसला, त्यालाही पाणी लागलं. मुळा-मुठेवर बंधारा झाला तो 1850 मध्ये. खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांनी उचलला. बंधाऱ्यामुळे नदीला बारमाही फुगवटा आला, पाण्यावरून संध्याकाळी गार वारा यायला लागला आणि काठाला बाग उभी राहिली. तीच बंडगार्डन. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल 1867 चा. त्याच्या टोकांना दगडी सिंह बसवलेले आहेत. बागेचं नाव आता महात्मा गांधी उद्यान असलं तरी रिक्षावाल्याला बंडगार्डनच सांगावं लागतं. 'बंड' म्हणजे बांध, हे मला चौथी-पाचवीपर्यंत माहीत नव्हतं. सत्तावनच्या बंडाशी या बागेचा काहीतरी संबंध असावा असंच वाटायचं. आज तिथे नदीकडे तोंड करून बसलं की जलपर्णी आणि वास दोन्ही सहन करावे लागतात. ज्या पाण्यासाठी ही बाग झाली त्याच्याकडेच पाठ करून बसायची वेळ यावी, ही फार मोठी हानी आहे.

गव्हर्नरसाहेबांना पावसाळ्यात मुक्कामाला बंगला हवा होता. सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत त्याचं काम सुरू केलं आणि खर्चावरून टीकाही ओढवून घेतली. या बंगल्याला आणि भोवतीच्या आवाराला पाणी पुरवायचं म्हणून रामनदी अडवून 1867-68 मध्ये पाषाणचा तलाव बांधला. मग 1873 मध्ये गणेशखिंडीत वनस्पतिउद्यान उभं राहिलं. जॉर्ज मार्शल वुड्रो या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे त्याची देखरेख होती. देशभरातून आणलेल्या आंब्यांची मातृझाडं इथे लावली गेली. हे उद्यान आता कृषी विद्यापीठाचं फळसंशोधन केंद्र आहे आणि 2020 मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. पुण्यातल्या कितीतरी अंगणांतली आंब्या-चिक्कूची कलमं इथूनच गेलेली आहेत. आमच्या दारातलं चिक्कूचं झाडही इथलंच, वडिलांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेलं.

बंगला 1949 मध्ये पुणे विद्यापीठाकडे आला. त्या आवारातली वडाची आणि गोरखचिंचेची झाडं पाहण्यासाठी खास जावं, इतकी ती भव्य आहेत. 22 जून 1897 च्या रात्री याच बंगल्यातल्या राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली होती. त्या रस्त्याने रोज हजारो विद्यार्थी जातात. पाषाणचा तलाव पुढे पक्ष्यांसाठी नावाजला, हिवाळ्यात बदकं मोजायला लोक पहाटे जमायचे. रामनदीतून येणाऱ्या सांडपाण्याने आणि गाळाने त्याचे हाल केले, तरी डिसेंबरात एखाद्या सकाळी जाऊन बघावं असं ते ठिकाण अजून आहे.

आणि आता एम्प्रेस गार्डन. पुण्यातली एकच बाग दाखवायची असेल तर मी पाहुण्यांना इथे नेतो. सैनिकांच्या विरंगुळ्यासाठीची ही जागा, म्हणून तिला आधी सोल्जर्स गार्डन म्हणत. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतल्यावर बागेचं नाव बदललं. नेमक्या याच वर्षांत, 1879 पर्यंत, खडकवासल्याचं धरण पुरं होत होतं आणि मुठेचा उजवा कालवा शहराच्या अंगाने, पर्वतीच्या पायथ्यापासून पूर्वेकडे निघाला होता. शेतीसाठी काढलेल्या या कालव्याने वाटेत रेसकोर्सजवळची ही बागही भिजवली. झाडं एवढी मोठी का झाली, याचं उत्तर तिथे आहे. 1892 पासून बागेची व्यवस्था 'ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' बघते. ही संस्था 1830 ची, आणि मुंबईच्या राणीच्या बागेचा इतिहासही तिच्याशी जोडलेला आहे.

साधारण 39 एकरांत ही बाग पसरलेली आहे. इथली गारंबीची महावेल बघितल्याशिवाय परत फिरू नये. वेल म्हटल्यावर जाईजुई डोळ्यांसमोर आणणाऱ्याला ती झाडाचाच बुंधा वाटेल. तिचे पीळ एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेत, आणि तिच्या शेंगा हातभर लांब असतात. सह्याद्रीतल्या घनदाट रानात दिसावी अशी ही वेल, सपाटीवरच्या या कोरड्या गावात दीडशेक वर्षांच्या पाण्यावर पोसली गेली. बागेतून ओहोळ वाहतो, त्याच्या काठी उन्हाळ्यातही गारवा असतो. जानेवारीत इथे पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा गर्दी होते. मला विचाराल तर एखाद्या मंगळवारी दुपारी जावं.

संभाजी पार्क, कमला नेहरू पार्क या शहर वाढताना महापालिकेने केलेल्या बागा. शेजारपाजारच्यांना त्या हव्यातच, पण त्यांच्या इतिहासात फारसं रेंगाळण्यासारखं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान मात्र वेगळं आहे. जपानमधल्या ओकायामा शहराशी जुळलेल्या मैत्रीतून, तिथल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर 10 एकरांत हे उद्यान साकारलं आणि 2006 मध्ये खुलं झालं. जपानी बागेत वाहतं पाणी हवंच, आणि ते इथे शेजारच्याच मुठेच्या कालव्यातून येतं. म्हणजे एम्प्रेसची वेल आणि इथल्या रंगीत कोई माशांचं तळं ही एकाच कालव्याची लेकरं.

खडकवासल्याच्या धरणाचा विषय निघाला की पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसांना 12 जुलै 1961 आठवतो. त्या दिवशी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. धरण पुन्हा बांधलं गेलं. आता रविवारी संध्याकाळी त्याच्या काठाला भाजलेली कणसं आणि कांदाभजी खायला झुंबड असते. त्या गर्दीत एखादे आजोबा पाण्याकडे बघत गप्प उभे दिसले, तर त्यांना बोलतं करावं. घरातल्या पाण्याच्या खुणा ते बोटाने भिंतीवर दाखवल्यासारख्या दाखवतात.

उरल्या टेकड्या. तिथे कोणी पाणी नेलं नाही. उलट पाणी तिथूनच खाली येतं. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई इथे पहाटे पाचपासून माणसं असतात. टेकडीला जाणं हा पुण्यात नेम असतो, चुकला तर घरचे तब्येत विचारतात. 1997 मध्ये 23 गावं महापालिकेत आली तेव्हा त्यांच्या टेकड्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. नागरिकांनी वर्षानुवर्षं हरकती घेतल्या, सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना हजर राहिले, आणि 2015 मध्ये साडेनऊशे हेक्टरांहून जास्त क्षेत्रावरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सरकारने मान्य केलं. वेताळ टेकडीवरून जाऊ घातलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा वाद त्याहून जुना आणि अजून धुमसणारा. ज्यांनी आपले रविवार या कामात घातले, त्यांच्यामुळे आपल्याला चालायला वाट उरली आहे.

वेताळ टेकडीवर दगडाची एक जुनी खाण आहे. शहर बांधायला दगड काढून नेला, खड्डा राहिला. जून-जुलैत तो भरतो. ऑगस्टमध्ये सकाळी लवकर गेलात तर कडेच्या कपारीतून पाणी झिरपताना ऐकू येतं, मोर केकाटतात, आणि खाणीच्या तोंडाशी चार-दोन माणसं काही न बोलता बसलेली असतात.