कॅनडाच्या उत्तर ब्रिटिश कोलंबियात घर आहे? मग ७७० डॉलरची सूट दरवर्षी मागून घ्या

प्रिन्स जॉर्ज, डॉसन क्रीक, फोर्ट सेंट जॉन या बाजूला तुमच्या मालकीचं घर असेल आणि तुम्ही त्यातच राहत असाल, तर प्रॉपर्टी टॅक्समध्ये होम ओनर ग्रँट नावाची सूट मिळते. २०२५ च्या दराने ती ७७० डॉलर आहे. मेट्रो व्हँकुव्हर, फ्रेझर व्हॅली आणि व्हिक्टोरियाच्या परिसरात ५७० डॉलरच मिळतात. वरचे २०० डॉलर ‘उत्तरेकडील व ग्रामीण’ घरमालकांसाठीचे. त्यातल्या ‘ग्रामीण’ शब्दावर जाऊ नका. प्रिन्स जॉर्ज शहराच्या अगदी मध्यात घर असलं तरी हे पैसे तुमचेच आहेत.

आता बिलाकडे वळू. शहरात बिल नगरपालिका पाठवते. त्यात शाळेचा कर, प्रादेशिक रुग्णालयाचा कर आणि पालिकेचा स्वतःचा कर असतो. पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचं शुल्क वेगळं, आणि ग्रँटमुळे ते एका डॉलरनेही कमी होत नाही. पालिकेच्या हद्दीबाहेर बिल प्रांत सरकारच्या सर्व्हेयर ऑफ टॅक्सेसकडून, म्हणजे करवसुली कार्यालयाकडून येतं. त्यात शाळा आणि रुग्णालयाच्या जोडीला ग्रामीण कर, पोलिस कर आणि रीजनल डिस्ट्रिक्टच्या (प्रादेशिक स्थानिक प्रशासनाच्या) सेवांची आकारणी असते. अग्निशमन सेवा असलेल्या भागात तिचे पैसे लागतात, नसलेल्या भागात लागत नाहीत. म्हणूनच हद्दीबाहेरचं घर केवळ कमी टॅक्स पाहून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे बहुधा विहीर तुमची, सेप्टिक टाकी तुमची, आणि दोन्हींचा खर्चही तुमचाच. अग्निशमनाची सोय नसेल तर घराच्या विम्याचा हप्ताही वाढतो. हे सगळं धरून बेरीज करा.

ग्रँटसाठी तुम्ही कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असायला हवं, घराच्या नोंदीत मालक म्हणून तुमचं नाव हवं आणि ते तुमचं मुख्य निवासस्थान हवं. वर्क परमिटवर घर घेतलं असेल तर पीआर (कायम रहिवासाची परवानगी) येईपर्यंत थांबावं लागतं. नवरा-बायको मिळून वर्षाला एकाच घरावर, एकदाच. घराचं मूल्यांकन ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर ग्रँट कमी होत जाते; २०२५ साठी ही मर्यादा २१,७५,००० डॉलर होती. उत्तरेतलं नेहमीचं घर त्या आकड्याच्या आसपासही नसतं. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि अपंग व्यक्तींना १,०४५ डॉलरपर्यंत मिळतात. मात्र रस्ते, पोलिस यांसारख्या सेवांसाठी निदान ३५० डॉलर कर प्रत्येकाला भरावाच लागतो, वाढीव ग्रँटवाल्यांना १००.

अर्ज २०२१ पासून थेट प्रांत सरकारकडे करायचा असतो, पालिकेकडे नाही. तो ऑनलाइन होतो. टॅक्सचं बिल समोर ठेवा, कारण ज्युरिस्डिक्शन (करक्षेत्राचा) आणि रोल (घराचा) नंबर त्यावरच असतात. शिवाय सोशल इन्शुरन्स नंबर आणि जन्मतारीख लागते. पुढे कधी पडताळणी झाली तर तिथे राहत असल्याचा पुरावा मागतात; त्या पत्त्यावरचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि वीजबिलं जपून ठेवा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे: बँक गृहकर्जाच्या हप्त्यातून टॅक्स भरत असली, तरी ग्रँटचा अर्ज तुम्हीच करायचा, आणि तोही दरवर्षी नव्याने. बिलावरची अंतिम तारीख साधारण २ जुलैची असते. तोवर अर्ज गेला नाही तर ग्रँटची रक्कम थकबाकी धरली जाते आणि तिच्यावर दंड बसतो. ग्रामीण भागात आधी ५ टक्के, ऑक्टोबर उलटला की आणखी ५. हातात टॅक्सचे पैसे नसले तरी अर्ज थांबवू नका. तो करण्यासाठी आधी कर भरलेला असावा लागत नाही.

गेल्या वर्षी पात्र असूनही अर्ज राहून गेला असेल, तर या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मागच्या वर्षाची ग्रँटही मागता येते.