परदेशी विद्यार्थी आणि निर्वासित विद्यार्थी: एकाच रांगेतले दोघे

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं, तेव्हा पुण्यातल्या कॉलेजांमधून बरेच अफगाण तरुण-तरुणी शिकत होते. विद्यापीठाच्या दफ्तरी ते आदल्या दिवशी ‘परदेशी विद्यार्थी’ होते आणि दुसऱ्या दिवशीही तेच राहिले. व्हिसा तोच, खोली तीच, परीक्षेचा नंबर तोच. पण घरून पैसे येणं अवघड झालं, आणि पदवी हातात पडल्यावर जायचं कुठे, हे कुणालाच सांगता येईना. जागचं न हलता माणूस एका गटातून दुसऱ्या गटात गेला होता. कागदावर मात्र त्याची नोंद नव्हती.

‘बाहेरच्या देशातली मुलं’ असं आपण सरसकट म्हणतो, त्यात हे दोघंही मावतात. कॉलेजच्या खिडकीवर त्यांची रांगही एकच असते. म्हणूनच गल्लत होते.

परदेशी विद्यार्थी देश निवडतो, अभ्यासक्रम निवडतो आणि शिकून परत जायच्या बोलीवर येतो. त्याच्याकडे पासपोर्ट असतो, त्यावर विद्यार्थी व्हिसा असतो. भारतात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचं, शाळेचं प्रमाणपत्र इथल्या प्रमाणपत्राच्या बरोबरीचं असल्याची मान्यता मिळवायची आणि स्थानिक मुलांपेक्षा बरीच जास्त फी भरायची, असा त्याचा क्रम असतो. विद्यापीठांनाही तो हवा असतो. अशा विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली.

निर्वासित देश निवडत नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी साधार भीती असलेला, देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे निर्वासित. रोजगारासाठी स्थलांतर करणारा वेगळा. त्याच्या हालअपेष्टा कमी नसतात, पण आपल्या देशाच्या वकिलातीत तो जाऊ शकतो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहतं. अफगाण किंवा म्यानमारहून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय करतं आणि त्यांना कार्ड देतं. ते कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने ते पूर्वी पाहिलेलं असेलच असंही नाही.

खरा फरक इथेच आहे. प्रवेशासाठी लागणारा जवळजवळ प्रत्येक कागद असं गृहीत धरतो की अर्जदाराच्या पाठीशी त्याचा देश उभा आहे. गुणपत्रिका हरवली? तुमच्या बोर्डाकडून दुसरी आणा. पासपोर्टची मुदत संपली? वकिलातीत जा. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळाला, त्याच सरकारच्या दारात त्याला आपण पाठवतो. मागे राहिलेल्या आईवडिलांनी अशी चौकशी करणं धोक्याचंही ठरू शकतं. दिल्लीतल्या अफगाण वकिलातीने तर १ ऑक्टोबर २०२३ पासून काही काळ कामकाजच थांबवलं होतं, म्हणजे तेव्हा जाऊ म्हटलं तरी दार बंद.

पाठीशी देश असला की काय होतं, हे आपल्या मुलांनी २०२२ मध्ये अनुभवलं. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांत महाराष्ट्रातलीही मुलं होती. युद्ध पेटलं तशी ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं गेली आणि सुमारे २२,५०० भारतीय परत आले. पुढे त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्यांना मूळ विद्यापीठाची पदवी कायम ठेवून दुसऱ्या देशात शिकण्याला हरकत नसल्याचं कळवलं. त्यांचे हाल झाले, वर्षं वाया गेली, हे खरंच. पण ती मुलं निर्वासित झाली नाहीत, कारण त्यांना परतायला घर होतं. त्याच वर्गांतल्या युक्रेनियन मुलांना त्या घरातूनच निघावं लागलं.

युरोपने या कागदांच्या प्रश्नाला हात घातला आहे. एकमेकांच्या शैक्षणिक पात्रता मान्य करण्याविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारातलं सातवं कलम सांगतं, की निर्वासितांकडे पुरावे नसले तरी त्यांची पात्रता न्याय्यपणे तपासण्याची सोय करा. त्यातून निर्वासितांसाठी ‘पात्रता पासपोर्ट’ निघाला: हाती असतील ते कागद पाहायचे, पात्रता तपासण्यातल्या जाणकारांनी मुलाखत घ्यायची आणि अंदाज लिहून द्यायचा. माझ्या मते आपल्या विद्यापीठांनी सर्वांत आधी उचलावी अशी हीच गोष्ट आहे. तिला इमारत लागत नाही, प्राध्यापक आपल्याकडे आहेतच.

कॅनडाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे १९७८ पासून विद्यार्थ्यांच्या स्थानिक समित्याच निर्वासित तरुणांना प्रायोजित करून आणतात. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमधून त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढतात. येणारा मुलगा किंवा मुलगी विद्यार्थी व्हिसावर येत नाही, कायमचा रहिवासी म्हणून येते. पदवी संपली म्हणून हुसकावलं जाण्याची भीती नाही. जर्मन सरकारच्या पैशातून १९९२ पासून चालणारी आइनस्टाइनच्या नावाची शिष्यवृत्ती भारतातल्या निर्वासितांनाही मिळते. एवढं करूनही, उच्चायुक्तालयाच्या २०२४ च्या अहवालानुसार, जगातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत जेमतेम ७ टक्के पोचतात.

मुंबईला हा विषय नवा नाही. फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधून विस्थापित झालेल्या काही शिक्षकांनी १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज काढलं. सिंधमधल्या हैदराबादला १९२२ मध्ये सुरू झालेलं नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभं राहिलं. तिथे तर शिकवणारेच निर्वासित होते. पण सिंधमधून आलेल्यांना या देशाने आपलं नागरिक मानलं होतं, आणि तिथूनच पुढची सगळी दारं उघडली.

पुण्यातल्या अफगाण मुलीची गोष्ट तशी नाही. २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. तिचा इथला व्हिसा अभ्यासक्रमाच्या मुदतीपुरताच, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणून बी.ए. झाल्यावर एम.ए., एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी अर्ज, असं अनेकांनी केलं. शिकायची ओढ होतीच, पण प्रवेश मिळाला तरच राहता येणार होतं. अशा वेळी प्रवेशपत्रावर सही करणाऱ्या विभागप्रमुखाला समोर कोण उभं आहे हे माहीत असलं, तर तो गुणपत्रिकेसाठी आठ दिवसांची मुदत देण्याआधी ती कुठून आणणार, हे तिला विचारेल.