तर्री वर, मीठ खाली

दुपारचे दोन वाजले होते. मूर्तिजापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात रश्श्याचं मोठं गंज चुलीवर रटरटत होतं. मालकानं चव घेतली, तोंड आंबट केलं आणि कणकेचा एक गोळा गंजात सोडला. "खारट झालं भाऊ. आता गोळा ओढून घेईन मीठ."

गोळा नुसतं मीठ ओढत नाही, तो खारं पाणी पितो. पाणी आणि मीठ दोन्ही त्याच प्रमाणात आत जातात, म्हणून मागे उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. सकाळी तो बरोबर होता. चार तास आचेवर राहिला, पाण्याची वाफ झाली, पण मीठ काही उडून जात नाही. दहा लिटरचा रस्सा आटून आठ लिटर झाला की प्रत्येक वाटीतलं मीठ सव्वापट होतं. मग गिऱ्हाईक वाढलं की पाणी घालून रस्सा लांबवायचा आणि पुन्हा अंदाजानं मूठभर मीठ टाकायचं, हेही चालतंच.

कामासाठी महिन्यातले पंधरा-वीस दिवस मी दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात फिरतो. बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. घरी ते जमलं. बाहेर मी लोणचं सोडलं आणि तर्री सोडली. लाल तवंग चमच्यानं बाजूला सारायचा आणि खालचा रस्सा भाकरीवर ओतून कुस्करायचा, असं वर्षभर केलं. बीपी हललं नाही. तिखट आणि तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून तवंग जहाल दिसतो. मीठ तेलात विरघळत नाही. ते सगळं खालच्या पाण्यात असतं, आणि मी नेमकं तेच खात होतो. तर्री टाळण्याची कारणं वेगळी आहेत, मिठाचा हिशेब रश्श्यात आहे.

तो हिशेब मांडून पाहू. चवीला बरोबर लागणाऱ्या रश्श्यात साधारण एक टक्का मीठ धरा. दीडशे मिलीच्या वाटीत दीड ग्रॅम. आपल्याकडे रस्सा मागाल तितका मिळतो, तीन वाट्या सहज होतात. म्हणजे साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. सकाळचे पोहे, संध्याकाळचा आलूबोंडा आणि रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे.

गावात सगळ्यांनी पाहिलेली सलाइनची बाटली आठवा. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं. शरीरातल्या पेशींबाहेरच्या पाण्याचा खारटपणाही जवळपास तेवढाच असतो आणि शरीर तो जिवापाड सांभाळतं. जास्तीचं मीठ आलं की तहान लागते, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात आणि खारटपणा पूर्वीसारखा होतो. पण आता शरीरात पाणी जास्त असतं. रक्ताचं आकारमान वाढतं, त्यानं दाब चढतो. मूत्रपिंडांना मिठातलं जादा सोडियम बाहेर टाकायला वेळ लागतो. प्रवासातून आल्यावर मोज्यांचे वळ पायावर खोल उमटलेले दिसतात, त्यात बसून राहण्याचा वाटा असतो आणि या पाण्याचाही असू शकतो.

आमच्या भागाला आणखी एक गोष्ट लागू आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे. तिथं बोअरचं पाणी मचूळ लागतं. पाण्यात लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम झालं की जिभेला ते कळू लागतं. ५०० मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला तीन लिटर प्यालं तर दीड ग्रॅम सोडियम पोटात जातं. मिठात सोडियम सुमारे ४० टक्के असतं, म्हणजे हे पावणेचार ग्रॅम मिठाइतकं झालं. या पट्ट्यात मी पाण्याची बाटली घरून भरून नेतो. भज्यांतला सोडा आणि पापडातला पापडखार हेही सोडियमच, फक्त खारट लागत नाही.

"उन्हाळ्यात घाम जातो, मीठ खावंच लागते" हे दर हॉटेलात ऐकू येतं. भर उन्हात शेतात राबणाऱ्याच्या घामातून मीठ जातं, हे खरंच आहे, त्याची गरज वेगळी. एसटीत किंवा जीपमध्ये बसून फिरणाऱ्यानं तो नियम स्वतःला लावू नये. बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात किती मीठ आणि किती पाणी हे डॉक्टरांनाच विचारावं. बिनसोडियमचं म्हणून मिळणारं पोटॅशियमचं मीठही विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाच्या रोग्याला ते घातक ठरू शकतं.

त्या दुपारी मी मालकाला म्हटलं, रस्सा नको. तो म्हणाला, "काहून? मीठ कमी पाह्यजे तं धा मिनिटं थांबा, झुनका टाकून देतो." बिनमिठाचा झुणका, ज्वारीची भाकर, चिरलेला कांदा आणि लिंबू आलं. ताटात चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि खाताना झुणक्यावर भुरभुरलं. शिजताना घातलेलं मीठ आतपर्यंत मुरतं, वरचं मीठ थेट जिभेवर येतं, म्हणून थोड्या मिठातही चव लागते. लिंबाच्या आंबटपणानं ती आणखी उठते. पहिले दोन-तीन आठवडे अळणी वाटलं. नंतर जीभ सरावली.

आता त्या रस्त्यावरच्या तीन हॉटेलांत मी दिसलो की गडी आत ओरडतो, "झुनका, बिनमिठाचा!"